आई-बाबांना घेऊन रोमला जाताय? आधी बूट बघा

ओळखीतले बरेच जण यंदा मे-जूनमध्ये आई-बाबांना घेऊन युरोपला निघालेत आणि बहुतेकांच्या लिस्टमध्ये रोम आहेच, म्हणून हे लिहितेय. आम्ही चौघं जूनमध्ये रोम करून आलो आणि आता मला ठामपणे वाटतं की व्हिसा आणि तिकिटं झाली की पुढचे पैसे बुटांसाठी बाजूला काढावेत, बाकी बॅगा, जॅकेटं, सेल्फी स्टिक वगैरे सगळं नंतर. साठी उलटलेल्या माणसाचे पाय दुसऱ्याच दिवशी दुपारी भरून आले तर पुढचं कोलोसियम आणि व्हॅटिकन बसमधनंच बघावं लागणार, आणि रोम बसमधनं फारसं दिसत नाही.

म्हणजे बघा, पँथिऑन, पियाझ्झा नव्होना, कांपो दे फ्योरी हा जो जुना गावठाणाचा पट्टा आहे ना तिथे मेट्रोचं स्टेशनच नाही. जमीन खणली की दोन हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी वर येतं, त्यामुळे मेट्रोच्या लाइनी मुळातच कमी. टूरच्या मोठ्या बसेसना पण जुन्या भागात सोडत नाहीत, त्या लांब कुठेतरी उतरवतात आणि पुढे पायीच. पँथिऑनला त्यातल्या त्यात जवळचं स्टेशन बार्बेरिनी, तिथनं किलोमीटरभर चालायचं. कोलोसियमपासून पँथिऑन दीडेक किलोमीटर आणि तिथनं नदी ओलांडून सेंट पीटर्स, म्हणजे व्हॅटिकनचं मोठं चर्च, अजून दोनेक. मॅपवर सगळं जवळजवळ दिसतं आणि आहेही जवळ, पण हे ‘जवळ’ दिवसभरात सात-आठ वेळा चालायचं असतं.

त्यात खालची जमीन. रोमच्या जुन्या रस्त्यांवर जे काळे चौकोनी दगड असतात त्यांना सांपिएत्रिनी म्हणतात, आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतला काळा दगड, हाताच्या पंजाएवढे तुकडे, खाली निमुळते आणि वाळूत ठोकून बसवलेले. वर्षानुवर्षं गाड्या जाऊन ते वरखाली झालेत, मधल्या फटी मोठ्या झाल्यात, आणि वरचा भाग घासून गुळगुळीत. प्रत्येक पावलाला घोटा जरासा इकडे नाहीतर तिकडे कलंडतो. एका पावलाचं काही वाटत नाही पण संध्याकाळपर्यंत पोटऱ्या आणि घोटे बोलायला लागतात. कोलोसियमशेजारी फोरम म्हणून जुन्या रोमचे अवशेष आहेत, तिथे तर त्याहून मोठमोठ्या शिळा आहेत, मध्ये चांगल्या बोटभर खाचा, तिथे तर खाली बघूनच चालावं लागतं.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याकडची पादत्राणं ही मुळात काढायला सोपी असावीत अशी असतात. घरात शिरताना काढा, देवळात काढा, कुणाकडे गेलं की दाराबाहेर काढा, काही दवाखान्यांमध्ये सुद्धा काढा. त्यामुळे आई-बाबांच्या वयाच्या लोकांचे पाय दिवसातनं दहा वेळा मोकळे होतात, वारा लागतो, बोटं पसरतात. रोममध्ये सकाळी साडेआठला हॉटेलमधनं निघालात की रात्री परत येईपर्यंत बूट पायातच. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात पण बूट काढायचे नसतात. म्हणजे सलग दहा-अकरा तास, उन्हात, सुजत चाललेल्या पायावर तोच बूट. इथे दुकानात पाच मिनिटं घालून बघितलेला बूट ‘छान आहे गं, मऊ आहे’ म्हणून घेतला जातो, त्याचा त्या अकराव्या तासाशी काही संबंध नसतो. बूट निवडताना अकरावा तास डोळ्यासमोर ठेवायचा, एवढंच खरं तर मला सांगायचंय, बाकी सगळं त्यातनंच निघतं.

म्हणून पहिलं म्हणजे दुकानात संध्याकाळी जायचं, दिवसभर कामं उरकून, पाय थोडे सुजलेले असताना. जाताना तेच मोजे न्यायचे जे तिकडे घालणार आहात. दोन्ही पाय मोजून घ्यायचे, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, नंबर मोठ्या पायाचा घ्यायचा. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, माझ्या आईचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे.

लांबीपेक्षा जास्त घोळ रुंदीत होतो. आईच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि चवडा रुंद आहे, नेहमीचा लेडीज स्पोर्ट्स शू घातला की करंगळी दाबली जायची. हे फक्त तिचंच नाही, चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे चामड्यावर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेने, २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि त्यात दिसलं की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, त्यावरनं त्यांनी ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धतही सुचवली. ती मापं दुकानात सर्रास मिळेपर्यंत आपणच बघून घ्यायचं. दुकानदार लगेच म्हणतो ‘एक नंबर मोठा देतो’, तसं करू नका. यूकेच्या एका नंबरात लांबी जवळजवळ साडेआठ मिलिमीटरने वाढते, रुंदी त्या मानाने किरकोळ, मग बूट लांब होतो, टाच आत सरकते, उतारावर पाय पुढे घसरून बोटं आपटतात आणि टाचेला फोड येतो तो वेगळाच. वाइड फिट मागायचा, पुरुषांच्यात खोक्यावर २ई लिहिलेलं असतं, बायकांच्यात डी. आणि बायकांचा वाइड नसेलच तर सरळ पुरुषांच्या रॅकवरचा लहान नंबर बघा, पुरुषांची साधी रुंदी ही बायकांच्या वाइडच्या जवळपास असते. आईचे बूट असेच मिळाले, राखाडी रंगाचे, पंजाबी ड्रेसवर अजिबात विचित्र दिसले नाहीत. ‘या वयात पुरुषांचे बूट?’ हा प्रश्न घरी दोन-तीनदा आला, पण एकदा करंगळी मोकळी झाल्यावर तिनेच तो विषय बंद केला.

एक सोपी परीक्षा सांगते जी कुठल्याही दुकानात करता येते. बुटाच्या आतला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, कितीही मऊ असू दे. मग बूट हातात घेऊन टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो पटकन चेपला जायला नको. बूट दोन्ही हातांनी पिळून बघा, ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर त्या दगडांवर सगळं काम घोट्याला करावं लागणार. आणि वाकवून बघा, बोटं जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर नको. तळ रबराचा हवा, खाचा असलेला, कारण जूनमध्येही एखादी सर येते आणि ते गुळगुळीत दगड ओले झाले की साध्या प्लास्टिकसारख्या तळाचं काही खरं नाही.

मऊपणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मेमरी फोमचे ते एकदम लुसलुशीत बूट दुकानात स्वर्ग वाटतात, पण दोन-तीन तास उभं राहिलं की फोम दबून बसतो आणि पाय आत डुगडुगायला लागतो. रोममध्ये चालण्यापेक्षा उभं राहणं पायाला जास्त खातं, चालताना निदान पोटरी आवळते-सैल होते आणि रक्त वर जातं, रांगेत उभं असताना सगळं खाली साचतं. व्हॅटिकन म्युझियममध्ये तर संगमरवरी फरशी, गॅलऱ्यांची एकूण लांबी सात किलोमीटरच्या आसपास सांगतात, बसायला जागा फार कमी, आणि सगळ्यांना जे बघायचं असतं ते सिस्टीन चॅपेल शेवटाकडे. त्यामुळे जरा घट्ट पण जाड असा सोल घ्या. आई-बाबांपैकी कुणाला सेंट पीटर्सच्या घुमटावर चढायची हौस असेल तर ५५१ पायऱ्या आहेत आणि लिफ्टचे पैसे भरले तरी ३२० उरतातच, वर जिना अरुंद आणि तिरका होत जातो, तिथे सँडल घालून जाऊच नका.

कपाटातले ‘चांगले’ बूट हा एक वेगळाच विषय आहे. आपल्याकडे एखादा भारी जोड घेऊन चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवतात आणि मोठ्या ट्रिपला काढतात. पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, सोल असेल तर तो वापरला नाही तरी हवेतल्या दमटपणाने आतनं खराब होत जातो, वरनं नवा दिसतो आणि चालायला लागलं की भुसभुशीत होऊन तुकडे पडतात किंवा अख्खा तळ सुटून येतो. मुंबई, ठाणे, कोकणातल्या लोकांनी तर नक्की तपासा. बाबांचे असेच जपलेले बूट आम्ही निघायच्या आधी पर्वतीवर नेऊन बघितले, पायऱ्या उतरताना डावा सोल पुढनं उघडला. पर्वतीवर झालं ते ठीक, फोरमच्या मध्यात झालं असतं तर काय केलं असतं. कुठलाही जोड असो, नवा असो की जुना, निघायच्या आधी तीन-चार आठवडे रोज घालून बाहेर पडायचं, भाजीला, बँकेत, आणि दोन-तीनदा तरी सलग दोन तास दगडी पायऱ्या आणि खडबडीत रस्ता बघून.

मोजे! शंभर टक्के कॉटन चांगलं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण उन्हाळ्यात दिवसभर चालताना कॉटन घाम धरून ठेवतं, ओली कातडी नरम पडते आणि फोड लवकर येतो. मेरिनो लोकरीचे पातळ मोजे किंवा स्पोर्ट्सचे सिंथेटिक मिक्स मोजे घ्या. लोकर ऐकून आई ‘उन्हाळ्यात?’ म्हणाली, पण ती कोरडी राहते. एक जादा जोडी पर्समध्ये ठेवायची आणि दुपारी जेवायला बसलं की टेबलाखाली बूट काढून, मोजे बदलून, पाय दहा मिनिटं मोकळे सोडायचे. या एका सवयीने आईची संध्याकाळ वाचली. टाच वरखाली होत असेल तर बुटाला सगळ्यात वर जे एक जादा भोक असतं ते वापरा, लेस त्याच बाजूच्या त्या भोकातनं आत घेऊन छोटा लूप ठेवायचा आणि समोरची लेस त्यातनं ओढून मग गाठ मारायची, टाच जागेवर बसते. आणि जिथे घासतंय असं वाटतं तिथे लाल व्हायच्या आधीच केमिस्टकडची मायक्रोपोर टेप लावायची, फोड आल्यावर नाही.

चपला-सँडलच्या बाबतीत मी कट्टर नाही. मागे पट्टा असलेले, तीन ठिकाणी वेल्क्रोने घट्ट-सैल होणारे फ्लोटर्स संध्याकाळसाठी एकदम बरोबर, पाय सुजले की पट्टा सैल करता येतो, शिवाय दिवसाआड बुटांना वाळायला वेळ मिळतो. अंगठ्याची चप्पल मात्र हॉटेलच्या खोलीपुरती, कारण ती पडू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात. आईला कोल्हापुरी न्यायचीच होती. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे एवढी चर्चा झाली, तेव्हापासून इटलीत गेले तर माझ्या पायात खरी कोल्हापुरी पाहिजे असं तिने ठरवूनच टाकलं होतं. नेली, आणि हॉटेलजवळ एका डांबरी रस्त्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये ती घालून रुबाबात जेवायला आली. पण चामड्याचा सपाट तळ त्या काळ्या दगडांवर घसरतो, तेवढं सांभाळा.

तिथे फिरताना: स्पॅनिश स्टेप्सच्या १३५ पायऱ्या बघून दमलेल्या माणसाला बसावंसं वाटतंच, पण २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे आणि दंड होतो. त्रेवी कारंज्याच्या पाण्यात पाय घातले तरी दंड. त्याऐवजी रस्त्यारस्त्यावर नाझोनी नावाचे सतत वाहणारे नळ आहेत, शहरात अडीच हजारांच्या आसपास, पाणी पिण्यासारखं असतं आणि गार, रुमाल भिजवून मानेवर ठेवायचा. उन्हाची वेळ, साधारण एक ते चार, हॉटेलवर पाय उशीवर ठेवून काढता आली तर उत्तम.

बाबांना शुगर आहे म्हणून हे वेगळं लिहिते. शुगरमुळे ज्यांच्या पायाची जाणीव कमी झालीये त्यांना बूट चावलेला कळतच नाही, आणि छोटी जखम चिघळू शकते. जायच्या आधी डॉक्टरांना पाय दाखवा, शुगर असलेल्या माणसाला अजिबात नवाकोरा जोड घालून विमानात बसवू नका, बुटात हात घालून खडा, शिवण, टोचणारं काही आहे का ते रोज सकाळी बघा आणि रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या दिव्याखाली तपासा. बाबा लाजतात, मी नाही ऐकत. मी रोज रात्री त्यांच्या पायाशी बसून बघायचे आणि मग आई स्वतःहून पाय पुढे करायची, ‘माझेही बघ गं’.