टोकाची स्लाइस

विकतच्या ब्रेडचं पाकीट संपत आलं की त्यात एक स्लाइस उरतेच. टोकाची. एका अंगाने मऊ, दुसऱ्या अंगाने सगळी तपकिरी. पाकिटात हात घालणारा प्रत्येक जण तिला हळूच बाजूला सारतो आणि तिच्या मागची घेतो. आमच्याकडे तिला 'पाठ' म्हणतात. पाठ कुणालाच नको असते. शेवटी ती मी खातो, ते आवडते म्हणून नव्हे, टाकवत नाही म्हणून.

आणि हीच पाठ घरी भाजलेल्या ब्रेडची असली की तिच्यावरून घरात भांडणं लागतात. आम्ही माणसं चार, ब्रेडला टोकं दोन.

ब्रेड करायला मी काही मोठ्या हौसेने लागलो नाही. एका सुट्टीत वेळ जाता जात नव्हता आणि यीस्टचं पाकीट घरात पडून होतं, एवढंच. हिशेब मात्र मला पहिल्या दिवशीच आवडला. बेकरीवाले पिठाला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत मोजतात. पाणी ६५, मीठ २, कोरडं इन्स्टंट यीस्ट १. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम यीस्ट. बस. इतक्या थोडक्या सामानात माणूस काय चुकणार, असं मला वाटलं होतं.

चुकलो पाण्यात. 'कोमट पाणी घ्या' असं वाचलं आणि घेतलं. पण माझं कोमट म्हणजे चहाच्या जवळपासचं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. यीस्ट म्हणजे जिवंत, एकपेशीय बुरशी. पिठातली साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते; त्याच वायूने पीठ फुगतं. साठ अंशांच्या आसपास ती मरते. दोन तास झाले तरी गोळा होता तिथेच, होता तेवढाच. कारण शोधून काढलं आणि मोठ्या उत्साहाने मुलीला समजावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, म्हणजे तू त्यांना मारलंस?"

तो ब्रेड तरीही भाजला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सुरी मोडली नाही, हे नशीब.

आता पाणी मनगटावर थेंब टाकून बघतो. गरम लागलं नाही, गारही लागलं नाही, की ठीक. खरी परीक्षा पुढे असते, मळताना. पहिली तीन-चार मिनिटं पीठ दहाही बोटांना चिकटून बसतं, आणि फोन नेमका तेव्हाच वाजतो. अजून मूठभर मैदा टाकावा असा फार मोह होतो. तो टाळायचा. टाकला की ब्रेड घट्ट होतो, हे मी तीनदा सिद्ध केलंय. नुसतं मळत राहायचं. गव्हातली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, पाण्यात एकमेकांना धरतात आणि त्यांचं ग्लुटेनचं जाळं तयार होतं. यीस्टचा वायू त्याच जाळ्यात अडकून राहतो. आठव्या-नवव्या मिनिटाला पीठ एकदम हात सोडतं. अगदी एकदम. मग त्यातला लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हलके ताणायचा. न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर जमलं. मुलगा तो पडदा डोळ्यांसमोर धरून खिडकीकडे बघतो. रोज तीच खिडकी, पण बघतो.

फुगायला किती वेळ, ते कुणी नक्की सांगू शकत नाही. उकाड्यात तासाभरात दुप्पट होतं, थंडीत अडीच तास घेतं. मी पूर्वी घड्याळ लावायचो, आता बोट लावतो. साच्यातल्या पिठात पिठाळलेलं बोट हलकंच रुतवायचं. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धाच भरला तर ओव्हन तापलेलं हवं. भरलाच नाही तर उशीर झाला. बायकोचं म्हणणं, ज्याला त्याला बोट लावायची सवय तुला आधीपासूनच होती.

मग ओव्हन. २०० अंश, साधारण पस्तीस मिनिटं. विसाव्या मिनिटाला वास सुटतो आणि आपापल्या खोलीतली माणसं काही ना काही कारण काढून स्वयंपाकघरात येऊ लागतात. एरवी हाका मारून घसा बसतो. हा वास आणि वरचा तो तपकिरी रंग बहुतांशी एकाच प्रक्रियेतून येतात. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी भिडतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. ती घडते पृष्ठभागावर, कारण आतला ओला भाग शंभर अंशांच्या वर जात नाही. म्हणजे ब्रेडची सगळी चव सालीकडे ओढलेली, आणि सर्वांत जास्त साल कुणाकडे? पाठीकडे. भांडण उगीच नव्हतं तर.

ब्रेड बाहेर काढून, उलटा करून तळाशी टकटक करायचं. पोकळ आवाज आला की झाला. यानंतरचा तासभर मला सगळ्यांत अवघड जातो. गरम ब्रेड कापला तर आतला स्टार्च नीट बसलेला नसतो, सुरीला लगदा लागतो. हे घरात सगळ्यांना पाठ आहे. तरी दहाव्या मिनिटाला दोन्ही टोकं गेलेली असतात. कुणी नेली ते विचारायचं नाही.

पॉम्पेईच्या लोकांनी हा तंटा ठेवलाच नव्हता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले तिथले पाव सापडले आहेत, कोळसा झालेले. ते गोल आहेत आणि वरून आठ भाग पाडलेले. गोल पावाला टोकच नसतं, आठही जणांना कड सारखी. मीही एकदा गोल केला. त्याच्या स्लाइस टोस्टरमध्ये मावेनात, म्हणून घरच्यांनी ठराव नामंजूर केला.

तोडगा मुलाने काढला. तेवढंच पीठ दोन लहान साच्यांत घालायचं. दोन ब्रेड, चार टोकं, चार माणसं. गणितात त्याला इतकी चलाखी सुचली असती तर! दुसरा साचा आणला, भाजायचा वेळ पंचवीस मिनिटांवर आणला आणि त्या संध्याकाळी इतिहासात पहिल्यांदा चौघांनी एकाच वेळी पाठ खाल्ली. लोणी लावून, उभ्या उभ्या, कुणीही कुणाकडे न बघता.

ओट्यावर मग दोन ब्रेड उरले, दोन्हीकडून उघडे. रात्री त्यांना कुणी विचारलं नाही. बायकोने फ्रीजमध्ये टाकले, आणि फ्रीजच्या थंडाव्यात तर ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, स्टार्च पुन्हा कडक होतो म्हणून. सकाळी मधल्या सगळ्या स्लाइस कोरड्या ठक्क. तव्यावर टाकल्या. दोन्ही बाजूंनी तपकिरी झाल्या, तेव्हा कुठे खपल्या.