मेणवली दफ्तर: वकिलाच्या पत्राला तारीख लावताना

मेणवलीला जाणारी मंडळी नाना फडणविसांचा वाडा बघतात, कृष्णेच्या घाटावर बसतात, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा बघतात आणि वाईला परततात. वाड्यातला खरा ऐवज, म्हणजे नानांचं दफ्तर, तिथून कधीच हललाय. इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी मिळवलेले कागद आधी साताऱ्याच्या संग्रहालयात होते, १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात आला.

हे कागद नानांनी इतिहास लिहायला जमवले नव्हते. मागच्या तहात काय ठरलं होतं, अमक्या वकिलानं (दुसऱ्या दरबारी नेमलेल्या प्रतिनिधीनं) गेल्या साली काय कळवलं होतं, हे लागेल तेव्हा काढून समोर ठेवता यावं, एवढ्यासाठी ते होते. दिल्लीहून हिंगणे लिहीत, निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे, म्हैसूरच्या हैदर अलीकडून कृष्णराव नारायण जोशी, कलकत्त्याहून लाला सेवकराम. म्हणजे दफ्तरात आलेली पत्रं भरपूर, आणि गेलेली फक्त मसुदा राहिला असेल तर. नानांच्या दफ्तरात नाना सगळ्यात कमी बोलतात. त्यांचं उत्तर हवं असेल तर ते ज्याला गेलं त्याच्या घरी शोधावं लागतं. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेले पटवर्धन सरदारांचे कागद म्हणूनच शेजारी लागतात.

मोडी वाचता येणं ही पहिली पायरी, पण नवा माणूस अडखळतो तो मोडीपेक्षा तारखेवर. आधी आखलेली सलग शिरोरेघ, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही, हे महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. सन चुकला तर मात्र पत्र नीट वाचूनही अर्थ उलटा लागतो.

मायन्यातला 'विनंती सेवक … कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती येथील कुशल' हा भाग झरझर पुढे टाका, पण त्यातला 'ता। छ' सोडू नका. 'ता।' म्हणजे तागायत, त्या दिवसापर्यंत. 'छ' म्हणजे चंद्र. पुढचा आकडा आणि महिना मुसलमानी असतो: मोहरम, सफर, रबिलावल वगैरे. चंद्र दिसल्यावर महिना लागतो, म्हणून छ १ साधारण शुद्ध द्वितीयेला पडतो. एका दिवसाची चूक धरूनच चालायचं, कारण तो दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि आपला सकाळी.

सन (याला सुहूर सन म्हणतात) 'सु॥' या खुणेनंतर येतो आणि आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो. एकं आधी, मग दहं, शतक, हजार. सलास समानीन मया व अलफ म्हणजे ३, ८०, १००, १०००, एकूण ११८३. कारकून 'मया व अलफ' बरेचदा गाळतो. खरी फसगत जोड्यांत होते: सबा ७ आणि सबैन ७०, समान ८ आणि समानीन ८०, तिसा ९ आणि तिसैन ९०. घाईच्या मोडीत शेवटचा फराटा नीट पडला नसेल तर समानीनचा समान होतो आणि पत्र ७२ वर्षं सरकतं. आधीचा शब्द एकंचा असेल तर दुसरा दहंचाच असणार, एवढं ध्यानात ठेवलं की ही चूक टळते.

हा सन हिजरी नव्हे. महिने हिजरीचे, पण वर्ष सौर, आणि ते मृग लागला की, जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून तिचा सन इहिदे सितैन मया व अलफ, ११६१.

आता गाठ कुठे बसते ते बघा. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला. तो दिवस छ ४ जमादिलाखर, सन इसन्ने समानीन. याच जमादिलाखरच्या शेवटच्या आठवड्यात मृग लागला आणि महिना न बदलता सन सलास समानीन झाला. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडं असल्यामुळे पुढचा जमादिलाखर मे १७८३ च्या सुरुवातीलाच लागला आणि मृगाच्या आधी संपूनही गेला. म्हणजे 'छ २५ जमादिलाखर सलास समानीन' ही तारीख त्या एका सनात दोनदा येते: एकदा ७ जून १७८२ च्या सुमारास, एकदा २८ मे १७८३ च्या. जंत्री (तारखा जुळवून देणारं कोष्टक) दोन्ही बरोबर म्हणेल, निवडायचं आपणच.

आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात सगळं बदललेलं आहे. तहावर नानांची मान्यता लगेच मिळाली नाही, हैदर इंग्रजांशी लढतोय तोवर त्यांना घाई नव्हती. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये तह पक्का झाला. पत्रात हैदराकडून काय येतं याची वाट बघितली जात असेल तर ते जून १७८२ चं. तेच पत्र कुणी मे १७८३ मध्ये घातलं, तर तह पाळायचं ठरल्यावरही नाना आतून फिरवाफिरव करत होते असा शोध लागतो. असले 'शोध' छापलेल्या पुस्तकांतही सापडतात.

मजकुरातून काही निघत नसेल तर 'पौ छ' शोधा, म्हणजे पावल्याची तारीख. जासूद जोडीनं आणलेलं पत्र हाती पडलं की ती पाठीवर किंवा कोपऱ्यात बारीक नोंदत. लिहिल्याची आणि पावल्याची तारीख यांत अकरा महिने निघाले किंवा पत्र लिहिण्याआधीच पोचलं, तर आपण सन चुकलोय. वार दिलेला असेल तर सोन्याहून पिवळं: १७ मे १७८२ ला शुक्रवार होता, अशी पडताळणी दोन मिनिटांत होते.

पुरवणी वेगळी पडली असेल तर मात्र कठीण. मुख्य पत्रात कुशल, भेटी, वस्त्रं, आणि आतलं राजकारण चिठ्ठीवजा पुरवणीत, हा वकिलांचा नेहमीचा रिवाज. पुरवणीवर बहुधा पूर्ण तारीख नसते. रुमाल (कागद बांधून ठेवलेलं कापड) सोडला की कागद ज्या क्रमानं लागले तो क्रम आधी लिहून ठेवा, मग वाचायला घ्या. घडीच्या रेघा, पाण्याचा डाग, कसरीनं पाडलेली भोकं दोन कागदांत तंतोतंत जुळली तर ते बराच काळ एकत्र घडी होऊन पडले होते. 'वाचून फाडून टाकणे' असं लिहिलेली पुरवणीही मिळते, नानांनी ती फाडली नाही म्हणून.

इंग्रजांकडची बाजू बघताना दोन गोष्टी सांभाळा. कलकत्त्याला जाणारं पत्र फारसीत जाई, तिथे त्याचा इंग्रजी गोषवारा होई, आणि छापील सूचीत आपण तो गोषवारा वाचत असतो. मराठी मसुद्यातला आर्जव-धमकीचा बारीक तोल तिथवर पोचत नाही. दुसरं, त्या सूचीत आलेल्या पत्रावर अनेकदा ते तिथे पोचल्याची तारीख असते. पुण्याच्या मसुद्याशी जोडी लावताना त्याच तारखेला शोधाल तर हाती काही लागणार नाही, काही आठवडे मागे जाऊन बघा.