सीए असताना करासाठी वकील कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगला, कधी तर केबिनमध्ये समोर बसलेला अशीलही विचारतो: "आमचे सीए आहेत की, मग वकील कशाला?"

रिटर्न भरायला वकील नकोच. नोटिशीला उत्तर देणं, पहिलं अपील, अगदी आयकर अपील न्यायाधिकरणापुढचा युक्तिवादही सीए करू शकतात, आणि कित्येक जण उत्तम करतात. हायकोर्टात मात्र वकीलच उभा राहू शकतो. पण तिथे अपील चालतं ते कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. काय घडलं याचा शेवटचा निवाडा न्यायाधिकरणातच होतो. खाली न लावलेला कागद वर सहसा लावता येत नाही. म्हणून माझे बहुतेक दिवस युक्तिवादात नाही, कागद जमवण्यात जातात.

शेतजमिनीचंच घ्या. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती भांडवली मालमत्ताच नाही. ग्रामीण कुठली, ते नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या अंतरावर ठरतं. त्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटरच्या पलीकडची, १० लाखांपर्यंत ६, त्याहून मोठ्या शहराला ८. आता व्यवहार ठरावीक रकमेचा किंवा त्याहून मोठा असला की दुय्यम निबंधकाकडून माहिती आयकर खात्याकडे जाते. शेतीला कर नाही या समजुतीने रिटर्न भरलेलं नसतं. नोटीस येते पोर्टलवर आणि ईमेलवर, आणि ईमेल असतो पुतण्याचा, नाहीतर पॅन काढून देणाऱ्या दुकानदाराचा. उत्तर जात नाही, एकतर्फी आदेश होतो, आणि बँकेने खातं गोठवल्यावर माणूस घाबराघुबरा होऊन येतो. अशा माणसांचा मला फार कळवळा येतो, कारण अनेकदा त्यांच्याकडून एक रुपयाही येणं नसतं.

मग ७/१२, फेरफार, पीकपाहणीची नोंद, २०११ च्या जनगणनेचा आकडा आणि हद्दीपासूनच्या अंतराचा दाखला. या दाखल्याला मी सगळ्यात जास्त जपते. २०१३ च्या दुरुस्तीनंतर अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेत, मोजायचं असतं. "रस्त्याने" असं लिहून आलं की दाखला परत न्यावा लागतो. पुण्यालगत रस्त्याने ९ भरणारी जमीन सरळ रेषेत ८ च्या आत आली, तर करपात्र होते. दुरुस्तीआधीच्या वर्षांना रस्त्याचं अंतर धरायचं, असा निर्णय मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ साली दिला आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून तो मान्य केला.

एका आजींनी खताची बिलं आणि बाजार समितीच्या पट्ट्या कापडी पिशवीत वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. जमीन खरोखर कसत होतो, हे दाखवायला त्या पेपरबुकात, म्हणजे सुनावणीसाठी दाखल करायच्या कागदांच्या संचात, लावल्या आणि सुनावणीत त्यांचाच आधार झाला.

कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही, असं संविधानाचं कलम २६५ सांगतं. मी ही वकिली निवडली ती त्याच्याच भरवशावर. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. हे कलम जिथल्या तिथे आहे.

तर सीए सोडू नका. नोटीस आली की त्याच आठवड्यात त्यांना दाखवा, आणि पोर्टलवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावापुढे कोणाचा ईमेल आहे, तेवढं आज बघून घ्या.