आमची वाटचाल : तुमच्या आवडीची रेकॉर्ड घेऊन या

दादरला गल्लीत दहा बाय बाराचा गाळा. बाबा तिथे रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. त्यांचं दैवत नाट्यसंगीत. मला कॉलेजात 'ईगल्स' या रॉक बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' गाण्यानं झपाटलं आणि बाबांच्या भाषेत मी 'त्या केसाळ लोकांच्या' नादी लागलो.

माझा पहिला धंदा कॅसेट भरून देण्याचा. (कायद्यात बसत नव्हतं, हे उशिरा कळलं, कळल्यावर बंद केलं.) गिऱ्हाईक कागदावर आवडीची गाणी लिहून आणायचं, मी साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवायचो. एका बाजूला तीस मिनिटं. एकदा हिशेब चुकला. नेमकं माझंच लाडकं 'हॉटेल कॅलिफोर्निया', साडेसहा मिनिटांचं, बाजूच्या शेवटी आलं आणि गिटारींची जुगलबंदी सुरू होते तिथे टेप संपली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात : "अहो, खरं गाणं तिथे तर सुरू होतं!" काय बोलणार? मी स्वतः तेच म्हणत आलो होतो. पैसे परत केले, नवी कॅसेट भरून दिली.

मग सीडी आली, मोबाईल आले. ती वर्षं मिक्सर आणि इस्त्र्यांवर काढली, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०१६ मध्ये काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं जुनं दुकान बंद झालं, तेव्हा वाटलं आपलंही संपलं. पण त्याच सुमाराला लोक माळ्यावरचे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची मशीनं, खाली काढून दुरुस्तीला आणायला लागले.

वेग तपासायला पट्ट्यांची चकती असते. ट्यूबलाइटखाली १८० पट्ट्या स्थिर दिसल्या, की मिनिटाला ३३⅓ फेरे बरोबर. पारसी कॉलनीतल्या एका आजोबांचं मशीन चकतीवर पास झालं. त्यांनी सोबत आणलेली, फ्रेडी मर्क्युरीच्या 'क्वीन' बँडची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावली आणि पियानो सुरू होताच म्हणाले, "आमचा फ्रेडी पाचगणीला शिकलेला पोरगा, त्याला असा डुलवता काय?" नीट ऐकलं. लांबलेला सूर खरंच हलत होता. तबकडी फिरवणाऱ्या नव्या रबरी बेल्टला घडी पडलेली होती; सरासरी वेग बरोबर, पण बेल्टच्या प्रत्येक फेऱ्याला हिसका. बेल्ट बदलला. तेव्हापासून आमच्या पावतीवर छापलेलं असतं : मशीन न्यायला येताना तुमच्या आवडीची रेकॉर्ड आणा. हजार वेळा ऐकलेल्या गाण्यात कान चुकत नाही.

आमची दुकानाची रेकॉर्ड वेगळी. 'बीटल्स' बँडच्या 'लेडी मॅडोना'ची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी, पण आम्ही लावतो तिची मागची बाजू : 'द इनर लाइट'. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं त्याचं वादन जानेवारी १९६८ मध्ये इथेच, मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांकडून करून घेतलं. बाबांना एकदा न सांगता ऐकवली. शेवटपर्यंत बसले, हे पहिल्यांदाच. बोलले काही नाहीत. नंतर कव्हरवर पेन्सिलीत त्यांचं बारीक अक्षर सापडलं : 'बरं आहे.'