तुम्ही विचारलंत म्हणून : दहापैकी किती?

"ते सगळं ठीक आहे, पण दहापैकी किती?"

मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिते, आणि आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न मला येतोच. लढाई कशी आहे, कथा कुठे ढिली पडते, जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालेल का, सगळं सविस्तर सांगून झालेलं असतं, तरी खाली पहिला प्रश्न तोच. काही जण आणखी पुढे जातात. "आकडा द्यायला घाबरता का?" "कंपन्यांशी वाकडं नको म्हणून का?" मी पाच वर्षं एका इंग्रजी संकेतस्थळासाठी गेमना गुण देत होते आणि आता देत नाही, हे ज्यांना माहीत आहे ते विचारतात, "नेमकं झालं काय?" आजवर मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

आधी ते, जे मी नेहमी सांगत आले. आपण मार्कांत वाढलेली माणसं. ३५ला पास, ६०ला फर्स्ट क्लास, ७५ला डिस्टिंक्शन. गेमच्या जगात मोजपट्टी तीच दिसते, पण हिशेब वेगळा. तिथे सात म्हणजे ठीकठाक, सहा म्हणजे काठावर, आणि पाचच्या खालच्या आकड्यांना कुणी फारसा हात लावत नाही. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ २००१पासून वेगवेगळ्या समीक्षकांचे तारे, श्रेण्या आणि गुण शंभराच्या मापात बसवून सरासरी काढतं. कुणाच्या मताला किती वजन द्यायचं हे ते ठरवतं, पण जाहीर करत नाही. ७५पासून गेमला हिरवा चौकोन, त्याखाली पिवळा, ५०च्या खाली लाल. आपल्या डिस्टिंक्शनची रेषा आणि ही हिरवी रेषा एकच आहे हे मला फार उशिरा लक्षात आलं.

या रेषांवर पैसे अडकतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' २०१०मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला ठरलेली रक्कम मिळाली होती, आणि मेटाक्रिटिकवर सरासरी ८५ आली तर वर बोनस मिळणार होता. आली ८४. हे ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीच २०१२मध्ये उघड सांगितलं. आज त्या गेमवर जीव टाकणारी माणसं पाहिली की तो एक गुण आठवतो.

दुसरं उदाहरण मी देते ते 'डेथ स्ट्रँडिंग'चं. २०१९चा गेम, पाठीवर ओझं घेऊन डोंगर-नद्या तुडवत सामान पोचवायचं. जपानच्या 'फामित्सू' या गेमच्या साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चौघांनी मिळून ४०पैकी ४० दिले. 'आयजीएन' या अमेरिकी संकेतस्थळाने दिले ६.८. मी तो खेळले आहे आणि मला दोन्ही बाजू पटतात. त्या चालण्यात मन रमलं तर त्याच्यासारखं काही नाही, नाही रमलं तर पहिल्याच चढावर माणूस वैतागतो. सरासरी ८२ आली. या गेमबद्दल ८२ एवढंच मत असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि 'आयजीएन'नेच पोकेमॉनला दिलेले ते ७.८. २०१४च्या 'ओमेगा रूबी' आणि 'अल्फा सफायर'च्या परीक्षणात 'पाणी फार' असा एक मुद्दा होता, आणि तो रास्त होता. त्या गेममधल्या प्रदेशाचा मोठा भाग समुद्रच आहे आणि तिथे त्याच त्या पाण्यातल्या पोकेमॉनशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. लोकांनी आकडा आणि ते दोन शब्द उचलले आणि वर्षानुवर्षं चेष्टा केली. परीक्षण किती जणांनी वाचलं असेल?

हे सगळं खरं आहे, मी अजूनही त्यावर भांडेन. पण मी गुण देणं थांबवलं ते यातल्या कशामुळेही नाही. खरं कारण सांगायला लागू नये म्हणून मी ही उदाहरणं पुढे करत होते.

२०१८ची गोष्ट. माझ्याकडे एक छोटा गेम आला, पाच जणांनी मिळून केलेला. विषय धरणात बुडालेल्या गावाचा. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तसं या गेममधलं गाव उन्हाळ्यात वर येतं. आपण एक म्हातारी आजी. पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायचं, पाणी भरायचं, रेशनच्या रांगेत उभं राहायचं, शेजारणीशी बोलायचं. पूर्ण गेम नऊ तासांचा. त्याच आठवड्यात एका अवाढव्य परदेशी गेमचं परीक्षण मंगळवारी सकाळी द्यायचं होतं. सगळ्यांचं त्याच मिनिटाला प्रसिद्ध होणार होतं, उशीर झाला तर कुणी वाचणार नव्हतं. छोट्या गेमला मी दोन रात्री दिल्या. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी थांबले. लिहिलं की गेम रटाळ आहे, गाव गाव म्हणतात पण गाव दिसतच नाही, आणि संवादांची पुनरुक्ती होते. पुनरुक्तीचा पुरावा म्हणून आजीचं एक वाक्य दिलं, जे ती तीनदा म्हणते: "या घराला उंबरा नाही."

गुण दिले पाच.

पुढच्या वर्षी हैदराबादला गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेला गेले होते. दुपारी बाहेर टपरीवर चहा घेताना एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. गळ्यातल्या कार्डावरचं माझं नाव वाचून म्हणाला, "तुम्ही मराठी ना? मग बरं झालं." जळगावचा होता. गेमचं नाव सांगितल्यावर माझ्या पोटात गोळा आला, पण तो शांतपणे बोलत होता. कन्सोलवर गेम आणायचं ठरत होतं, प्रकाशकाने सरासरी ७५ मागितली होती, ७३वर अडकलो, आता मोबाइलच्या गेमांची कामं घेतोय. "तुमच्यामुळे असं नाही म्हणत हं, ताई. बाकीच्या चौघांनी तरी कुठे नव्वद दिले होते!" मग कपात बघत म्हणाला, "एकच विचारायचं होतं. तुमची आजी घरात गेली का?"

मला प्रश्न समजला नाही. तरी मी म्हणाले, "हो. छान होता तो भाग."

तो "बरं" म्हणाला. चहाचे पैसे त्यानेच दिले. मी पर्स उघडत होते, तर म्हणाला, "राहू द्या."

रात्री हॉटेलवर लॅपटॉपमध्ये स्टीम उघडलं, म्हणजे जिथून मी पीसीवरचे गेम घेते आणि खेळते ते ऑनलाइन दुकान. त्या गेमसमोर मी खेळलेले ५.२ तास लिहिलेले. खाली अचीव्हमेंटची, म्हणजे गेममधला एकेक टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या खुणांची यादी, तीन मिळालेल्या, बाकीच्यांना कुलूप. शेवटून दुसरीचं नाव 'उंबरा'. माझी प्रोफाइल सगळ्यांना दिसेल अशी उघडी होती, कायमच होती. त्याला आधीपासून माहीत होतं. मी खरं सांगते का, एवढंच त्याला बघायचं असावं, किंवा मी सांगेन अशी आशा असावी.

ती पाच परीक्षणं मी त्या रात्री पुन्हा उघडली. ८०, ८०, ७५, ८० आणि माझे ५०. साधी सरासरी ७३. माझे काढले तर ७९च्या जवळ.

मग गेम पुढे सुरू केला. चौथ्या प्रकरणात पाणी ओसरतं. आधी कळस, मग झाडांची खोडं, मग भिंती. आजी चिखलातून चालते आणि तिची चाल पहिल्या तीन प्रकरणांपेक्षा किंचित जलद आहे. पायाखालची वाट तिच्या ओळखीची आहे. पाचव्यात ती स्वतःच्या घरापाशी पोचते. छप्पर नाही, दार नाही. दगडी उंबरा तेवढा शिल्लक आहे. इथे गेम आपल्याकडून एकेक गोष्ट करून घेतो. एक बटण दाबलं की उजवी चप्पल काढायची. पुन्हा दाबलं की डावी. मग वाकून उंबऱ्यावर हात टेकवायचा, आणि बटण सोडेपर्यंत तो हात तिथेच राहतो. मी किती वेळ दाबून धरलं ते मला सांगता येणार नाही. मी पुनरुक्ती म्हणून जे वाक्य दाखवलं होतं त्यावर त्यांनी सगळा गेम उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी संपादकांना सगळं कळवलं. एकदा प्रसिद्ध झालेले गुण आम्ही बदलत नाही, असं उत्तर आलं. मेटाक्रिटिकसुद्धा पहिल्यांदा छापलेलाच गुण धरतं. मी पुन्हा आग्रह धरला नाही. नियमांकडे बोट दाखवणं मला सोयीचं होतं, हेही कबूल करते.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, नऊ तासांच्या गेमने पाच तासांत मला धरून ठेवलं नाही, तर दोष कुणाचा? पैसे देऊन घेणारा तरी तोवर थांबेल का? हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. पहिली तीन प्रकरणं लांबली होती, हे आज शेवट माहीत असूनही म्हणेन. आज गुण द्यायचे तर सात देईन, आठ नाही. पण 'मी पाच तासांवर सोडला' हे एक वाक्य तिला लिहिता आलं असतं. वाचणाऱ्याने स्वतः ठरवलं असतं. तिने ते लिहिलं नाही, ५ लिहिलं. ५ वाचून कुणाला कळणार होतं की हे अर्ध्यावरून उठलेल्या बाईचं मत आहे?

'सायबरपंक २०७७'च्या वेळी मला हेच दिसलं. डिसेंबर २०२०मध्ये तो येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत मिळाली होती. त्यांनी भरभरून गुण दिले, खोटे दिले नाहीत. पण ज्यांनी त्या आकड्यांवर विसंबून जुन्या प्लेस्टेशन ४वर घेतला, त्यांच्या हातात अडखळणारा, बंद पडणारा गेम आला. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. समीक्षकांनी खेळलेला गेम आणि या लोकांनी घेतलेला गेम वेगळाच होता, आणि नऊचा आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर सारखाच होता.

म्हणून आता परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत किती तास खेळले, कुठल्या मशीनवर, कुठे थांबले हे लिहिते. गुण देत नाही.

आणि तरी तुमचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझा भाचा सांगलीला असतो. दिवाळीचे, वाढदिवसाचे असे जमवून त्याच्याकडे वर्षात एका नव्या गेमपुरते पैसे होतात. प्लेस्टेशन ५च्या मोठ्या गेमला पाच हजारांच्या आसपास पडतात. तो फोन करतो, "मावशी, लेक्चर नको, घेऊ की नको?" त्याला मी तासांचा हिशेब ऐकवत बसू का? मागच्या वेळी मी त्याला सरळ "आठ, घे" म्हणून सांगितलं. ज्याला गेम फुकट मिळतात त्याने आकड्याला नाकं मुरडणं सोपं आहे, हे मला समजतं. 'युरोगेमर' या ब्रिटिश संकेतस्थळाने २०१५मध्ये गुण बंद केले आणि २०२३मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपात परत आणले, तेव्हा अनेकांना तो पराभव वाटला. मला नाही वाटला. भाच्यासारखे वाचक त्यांच्याकडेही असणार.

तर घाबरते का? हो, थोडी. कंपन्यांना नाही.

जळगावच्या त्या मुलाचा मागच्या महिन्यात निरोप आला. आता तिघंच आहेत, नवा गेम केलाय, तो उघडायचा कोड सोबत पाठवलाय. खाली एवढंच, "साधारण अकरा तास लागतात. सावकाश खेळा." टपरीवर मी खोटं बोलले होते हे मी त्याला अजून लिहिलेलं नाही. चार तास खेळून झालेत. पहिल्या अर्ध्या तासातच डोक्यात साडेसात हा आकडा आला, आणि तो काही केल्या जात नाहीये.