चोखोबांच्या दारात

सोलापूर सोडलं तेव्हा अंगात जोर होता. तिऱ्हे कधी मागे पडलं कळलं नाही. कामतीच्या पुढे मात्र डावी टाच फोडाने ठणकायला लागली, आणि मग नुसतं ऊन, डांबर आणि अंगावर येणारे ट्रक. दिंडी पुढे गेली. टाळ ऐकू येईनासे झाले तसा विणेकरीबुवांचाही राग यायला लागला.

रस्त्याकडेच्या वस्तीवरून एका आज्जींनी हाक मारली, "माउली, बस जरा. पाय बघू." मातीने भरलेला पाय कसा पुढे करायचा? त्यांनी ओढून मांडीवरच घेतला. सुईचं टोक चुलीच्या जाळावर धरलं, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडे बोटभर राखून तोडला. पाणी दोऱ्यावाटे झिरपत गेलं. वर हळद दाबली. "वढू नगं. वाळंल तसा आपसूक निघंल." फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. मी वाकायच्या आत त्याच माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, "पंढरीत चोखोबाला माझा नमस्कार सांग. त्याला चुकू नगं."

माचणूर, मंगळवेढा झालं. मंगळवेढ्यातच १३३८ साली गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा, म्हणजे संत चोखामेळा, गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती त्यांची, म्हणून नामदेवांनी वेचून पंढरपुरात आणली आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी दिली, असं सांगतात. अस्पृश्य म्हणून जन्मभर ज्यांना आत येऊ दिलं नाही, ते कायमचे दारातच राहिले. हे दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली!

आणि आजही काय होतं? लोक नामदेव पायरीला हात लावतात, कळसाकडे बघतात आणि चोखोबांकडे पाठ करून उभे राहतात. समाधी लहान, नवख्याला गर्दीत दिसतही नाही. आमच्या दिंडीनेही नुसता जयजयकार केला आणि पुढे सरकली. मला भयंकर चीड आली. मी हललेच नाही. मागून धक्के बसत होते, शिट्ट्या वाजत होत्या. डोकं टेकवलं, आज्जींचा नमस्कार सांगितला आणि एकदम रडूच फुटलं. माझी वारी तिथे पोचली.

रात्री मुक्कामावर विणेकरीबुवांशी भांडले. पुढच्या आषाढीला समाधीपुढे चोखोबांचा एक अभंग पुरा म्हटल्याशिवाय दिंडी हलणार नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.