तुम्ही विचारलंत म्हणून: टीम हरली तरी चांगली खेळली, हे ठरवायचं कशावरून?

कोल्हापुरात मॅच सुटली की हा प्रश्न हमखास येतो. हरलेल्या टीमबद्दल ‘पोरं चांगली खेळली’ म्हणता आणि एखाद्या जिंकलेल्या टीमला नावं ठेवता, ते कशाच्या जोरावर? पेठेच्या, म्हणजे आपल्या गल्ली-वस्तीच्या, टीमबद्दल हे विचारलं जातं तसंच वर्ल्ड कप आला की अर्जेंटिना आणि ब्राझीलबद्दलही. उत्तर एकच आहे. गोल कोणी खाल्ला यापेक्षा गोलच्या आधी चेंडू कुठे गमावला, ते बघायचं. स्कोअर त्यानंतर.

गोल झाला की गॅलरीतून पहिला राग गोलरक्षकावर निघतो आणि दुसरा स्टॉपरवर, म्हणजे मधल्या बचावपटूवर. ते दोघं सगळ्यात शेवटी दिसतात म्हणून. पण बहुतेक मैदानी गोलांची सुरुवात त्याआधी दहा-पंधरा सेकंद, चाळीस-पन्नास मीटर लांब झालेली असते. समोरच्यांच्या डीजवळ, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीजवळ, चेंडू गमावला तर तो चढाईचा खर्च म्हणून सोडून द्यावा. स्वतःच्या डीसमोर गेला तर पास देणाऱ्याला जवळ पर्याय होता का, ते आधी तपासावं. तिघं पाठ करून उभे असतील तर चूक एकट्याची नाही. सगळ्यात घातक म्हणजे मध्यरेषेजवळ गमावलेला चेंडू. तिथे आपले दोन्ही बाजूंचे बॅक वर गेलेले असतात, मागे दोघंच उरतात आणि समोर अर्धं मैदान मोकळं असतं. अशा वेळी एकच गोष्ट बघा: चेंडू गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत जवळच्या दोघांनी लगेच दाब टाकला, की हात वर करून रेफरीकडे बघत राहिले?

22 नोव्हेंबर 2022 ला लुसैलमध्ये अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून 1-2 ने हरला. सलग 36 सामने न हरलेली टीम होती ती. मेस्सीने 10 व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. मध्यंतरापर्यंत आणखी तीनदा चेंडू जाळ्यात गेला, एकदा मेस्सीचा आणि दोनदा लौतारो मार्तिनेझचा, आणि तिन्ही गोल ऑफसाइड ठरले, म्हणजे पास सुटताना पुढचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे होता. ‘नशीब नव्हतं’ असं त्यावर बरंच बोललं गेलं. मला ते पटत नाही. सौदीचे प्रशिक्षक हर्वे रेनार यांनी बचावफळी मुद्दामच वर, मध्यरेषेच्या दिशेने उभी केली होती आणि पास सुटायच्या क्षणी चौघं एकत्र पुढे सरकत होते. अशा फळीविरुद्ध आघाडीवीर सरळ पळाला तर तो अर्ध्या पावलाने का होईना, पकडला जातो. त्यावर उपाय ठरलेला आहे. पुढच्याने फळीला समांतर आडवं पळायचं, वळण घेऊन आत शिरायचं, आणि खरी धाव मागून येणाऱ्या मध्यफळीतल्या खेळाडूने घ्यायची. तो आधीपासूनच ऑनसाइड असतो. अर्जेंटिनाने पूर्वार्धभर तीच सरळ धाव पुन्हा पुन्हा घेतली. म्हणून ते तीन गोल दुर्दैवाचे नव्हते. समोरच्याने आखलेल्या सापळ्यात टीम तीनदा गेली होती.

उत्तरार्धात पाच मिनिटांत सगळं उलटलं. सौदीकडून 48 व्या मिनिटाला सालेह अल-शेहरी, 53 व्या मिनिटाला सालेम अल-दौसारी. पहिल्या गोलच्या आधी अर्जेंटिनाने चेंडू मध्यावर गमावला आणि फळी मागे धावत राहिली. दुसरा गोल मात्र निव्वळ कौशल्याचा होता. डीमध्ये वळून दूरच्या वरच्या कोपऱ्यात मारलेला तसा फटका कोणत्याही गोलरक्षकाला पुरून उरला असता. त्या गोलसाठी बचावाला जबाबदार धरू नये. पण टीमच्या खात्यात याहून मोठी नोंद पुढे आहे. 59 व्या मिनिटाला अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी तीन बदल केले आणि त्यांत एन्झो फर्नांडेस आणि हुलियान आल्वारेझ आत आले. त्याच स्पर्धेत पुढे पोलंडविरुद्ध हे दोघं सुरुवातीपासून खेळले. पराभवात काय तुटलंय हे प्रशिक्षकाला नेमकं कळलं होतं, आणि 18 डिसेंबरला कप अर्जेंटिनाकडेच गेला, ते पेठेत सांगायला नको.

आता 2017 चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता, म्हणून इथे तो जिव्हाळ्याने बघितला गेला. निकाल कागदावर वाचवत नाहीत: अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. तीन पराभव, एक गोल केला, नऊ खाल्ले. पण तिन्ही पराभव एका मापाने मोजले तर त्या पोरांवर अन्याय होतो.

अमेरिकेविरुद्धचा तिसरा गोल बघा. शेवटच्या दहा मिनिटांत अन्वर अलीचा फटका क्रॉसबारवर आदळून परत आला आणि त्याच उलट्या चढाईत अमेरिकेने गोल केला. पिछाडीवर असलेली टीम माणसं वर पाठवते, पाठवायलाच हवीत, आणि त्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते. पाठलाग करताना खाल्लेला गोल आणि बरोबरीत असताना खाल्लेला गोल यांचं वजन सारखं धरू नये. 0-1 वर असताना शेवटी 0-2 झालं, तर त्या दुसऱ्या गोलसाठी बचावफळीला झोडपण्यात अर्थ नाही.

9 ऑक्टोबरची कोलंबियाची मॅच ही त्या स्पर्धेतली भारताची सर्वोत्तम. चेंडूचा ताबा कोलंबियाकडे जास्त, तरी पूर्वार्ध गोलशून्य. राहुल कन्नोलीचा फटका पोस्टला लागला, गोलरक्षक धीरज सिंगने गोल वाचवले. 49 व्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोझाने गोल केला. 82 व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर जीक्सन सिंगने हेडर मारला. फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिलाच गोल. आणि 83 व्या मिनिटाला पुन्हा पेन्यालोझा.

त्या एका मिनिटाबद्दल बोललंच पाहिजे, कारण हेच आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरही दर हंगामात दिसतं. गोल केल्यावर किक-ऑफ समोरच्याला मिळतो, म्हणजे पहिला पास त्यांचा. आपली फळी जल्लोष करून परतलेली असते, श्वास चढलेला असतो, प्रत्येकाला पुढे जायची घाई असते. मध्यफळी दोन पावलं जास्त वर उभी राहते आणि बचावफळी आहे तिथेच राहते. त्या दोन फळ्यांत एरवी दहा-पंधरा मीटर अंतर असतं ते पंचवीसवर जातं. समोरच्याला त्या मोकळ्या पट्ट्यात एक पास मिळाला की काम झालं. त्यावर तोडगा साधा आहे, पण तो सरावात घोटून घ्यावा लागतो. किक-ऑफआधी कप्तानाने सगळ्यांना मध्यरेषेच्या मागे एकत्र खेचायचं, पुढची दोन मिनिटं चेंडू हिसकवायला एकट्याने धावायचं नाही आणि आपल्याकडे आलेला पहिला चेंडू सुरक्षित बाजूला खेळायचा.

गोल खाल्ल्यानंतरही हाच धोका असतो. 2014 च्या सेमीफायनलमध्ये जर्मनीने ब्राझीलला 7-1 ने हरवलं, त्यात 23 ते 29 या मिनिटांत चार गोल झाले. तिसऱ्या गोलनंतर ब्राझीलने किक-ऑफ घेतला आणि लगेच फर्नांडिन्योच्या पायातला चेंडू जर्मनीच्या क्रूसने काढून घेतला, की चौथा गोल. त्या मॅचमध्ये गोलकडे मारलेले फटके ब्राझीलचे जास्त होते! म्हणून ‘आम्ही वीस फटके मारले’ हा बचाव मी कधी मान्य करत नाही. फटका कुठून मारला ते सांगा. पेनल्टीचे चारांतले तीन गोल होतात, पण डीच्या बाहेरून मारलेले शंभरात तीन-चारच जातात. गोलसमोर दहा-बारा मीटरवर, पायाने आणि समोर एकच गोलरक्षक, असे तीन चान्स तयार केलेली टीम हरली तरी तिने चाली बरोबर रचल्या असं म्हणता येतं. पंचवीस मीटरवरून पंधरा फटके मारणाऱ्या टीमला समोरची बचावफळी फोडताच आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या लीगमध्ये आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. उन्हाळा वाढत जातो तसं दुपारच्या मॅचमध्ये उत्तरार्धाच्या मध्यावर पाय जड होतात. ते ओळखायचं असेल तर चेंडूकडे नको, आपल्या विंग बॅककडे, म्हणजे कडेने वर जाणाऱ्या बचावपटूकडे बघा. चढाईहून तो पळत परततोय की चालत? चालत येत असेल तर पुढचा गोल त्याच बाजूने होणार, आणि तो बदल वेळेत न करणं ही प्रशिक्षकाची चूक, त्या पोराची नाही. दुसरी गोष्ट परदेशी आघाडीवीराची. तो उंच आणि ताकदवान असला की मागून सरळ लांब चेंडू टाकायची सवय लागते. कडक जमिनीवर चेंडू उंच उसळतो, हेडरला दोघं उडतात, आणि खाली पडणारा दुसरा चेंडू कोणाचा, यावर मॅच ठरते. आपली मध्यफळी त्याच्यापासून तीस मीटर मागे असेल तर दहातले आठ चेंडू समोरच्याचे. मग ‘परदेशी खेळाडू चालला नाही’ म्हणायचं कशाला? त्याला एकटं टाकलं होतं.

हे सगळं दिसायचं असेल तर गोलपोस्टच्या मागे बसू नका. गॅलरीत मध्यरेषेच्या आसपास, जमेल तितकं उंच बसा. फळ्यांमधलं अंतर तिथूनच कळतं.

रेफरीचा विषय निघतोच. चुकीच्या निर्णयाने मॅच जाते, हे खरं आहे. पण तो निर्णय बाजूला ठेवून उरलेल्या खेळात आपले चांगले चान्स किती होते, ते आधी मोजा. दोनाच्या वर भरत नसतील, तर रेफरीवर सगळं ढकलता येणार नाही.

टायब्रेकरवर, म्हणजे शेवटच्या पेनल्टी किकांवर, हरलेल्या मॅचचं मूल्यमापन टायब्रेकरच्या आधी संपवावं. 2022 मध्ये क्रोएशियाविरुद्ध ब्राझील जादा वेळेत नेमारच्या गोलने पुढे होता. 117 व्या मिनिटाला, तीन मिनिटं उरली असताना, उलट्या चढाईत पेट्कोविचने बरोबरी साधली. एका गोलची आघाडी असताना ब्राझीलची इतकी माणसं तेव्हा पुढे होती, मागे पुरेशी नव्हती. मॅच तिथे गेली. नंतर रॉड्रिगोची किक क्रोएशियाचा गोलरक्षक लिवाकोविचने अडवली, मार्किन्योसची पोस्टला लागली, आणि पाचव्या किकसाठी राखून ठेवलेल्या नेमारची पाळीच आली नाही. सगळ्यात भरवशाचा खेळाडू पाचवा ठेवायचा की पहिल्या तिघांत, यावर पेठेत रात्रभर वाद घालता येईल. माझं मत पहिल्या तिघांत. पाचवी किक होईलच याची खात्री नसते.